नापास होणं आता परवडत नाही

डिसेंबर-जानेवारीत श्रीरामपुरात गॅदरिंगांचा हंगाम असतो. कॉलेज कोणतंही असो, प्रमुख पाहुणे कुणीही असोत, भाषणातला एक परिच्छेद ठरलेला असतो. आजची मुलं फार नाजूक झाली आहेत, जरा काही झालं की यांना टेन्शन येतं. आमच्या वेळी पायात चप्पल नव्हती, कंदिलाखाली अभ्यास केला, पण टेन्शन कशाशी खातात हे आम्हाला माहीत नव्हतं. पालक माना डोलावतात, शिक्षक टाळ्या वाजवतात आणि मागच्या रांगेतली मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. पाहुण्यांना पुढच्या परिच्छेदाचा विषय आयता मिळतो.

ही गोष्ट भाषणापुरती असती तर सोडून दिली असती. पण तेच वाक्य घरी जेवताना ऐकू येतं, शिक्षकखोलीत ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत मामा-काकांच्या तोंडून ऐकू येतं. ते इतक्यांदा ऐकल्यावर पोरगं एकच गोष्ट शिकतं: आपल्या मनात काय चाललंय ते कुणाला सांगायचं नाही. म्हणून या म्हणण्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवं. विद्यार्थ्याची रोजची काळजी हा बहुतेक वेळा त्याच्या परिस्थितीचा बरोबर मांडलेला हिशेब असतो, असं माझं म्हणणं आहे. हिशेब बरोबर असेल, तर मुनिमाला झापून शिल्लक वाढत नाही.

आधी ‘आमच्या वेळी’चं बघू. त्या पिढीचे हाल खोटे नव्हते. १९७२च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांनी खडी फोडून दिवस काढले, सुकडीवर पोरं जगवली. तो काळ सोसलेल्या माणसापुढे मान झुकते. पण त्या वेळी काळजी नव्हती, हे कुणी ठरवलं? व्यासपीठावर बसलेले तेवढे त्यातून वर आले. त्यांच्याच वर्गातले जे मॅट्रिकला बसलेच नाहीत, किंवा बसून गळाले, त्यांना कुणी प्रमुख पाहुणे म्हणून बोलावत नाही. त्यांना झोप लागत होती की नव्हती, हे विचारायला कुणी गेलंच नाही.

आणि समजा, खरोखर तेव्हा काळजी कमी होती. मग ती का कमी होती, हे या गावाकडेच बघून सांगता येतं. श्रीरामपूर हे राजवाड्याचं किंवा किल्ल्याचं गाव नाही. रेल्वे आली, भंडारदरा धरण १९२६ साली पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांचं पाणी फिरलं, उसाचे मळे झाले, आणि ज्या ठाण्यावर आजही बेलापूर अशी पाटी आहे त्याच्या भोवती बाजारपेठ वाढत गेली. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना, टिळकनगरला डहाणूकरांचा, पलीकडे प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना, पुढे अशोकनगर. या कारखान्यांनी साखर दिलीच, पण त्याहून मोठी वस्तू दिली, ती म्हणजे खाली पडलेल्याला झेलणारी जागा. दहावी-अकरावीला गळालेला मुलगा सीझनला कारखान्यात लागायचा, डायरेक्टरची चिठ्ठी असली तर दोन-तीन सीझनमध्ये कायम व्हायचा. कुणी एसटीत लागला, कुणी झेडपीत, कुणी पतसंस्थेत. ‘चिकटला’ म्हणायचे लोक. बारावीनंतर दोन वर्षं डी.एड. केलं की शाळेत चिकटला. दोन एकर ऊस आणि चिकटलेली नोकरी एवढ्यावर घर उभं राहायचं, बहिणीचं लग्न व्हायचं.

म्हणजे नापास होणं स्वस्त होतं. अपमान व्हायचा, बापाचा मार बसायचा, पण आयुष्याचं गाडं कुठंतरी रांगेला लागायचं. जुन्या पिढीच्या शांत झोपेचं श्रेय तिच्या करारी स्वभावाला द्यायचं असेल तर द्या. पण अर्धं श्रेय त्या कारखान्याच्या भोंग्यालाही द्या.

तो भोंगा आता कुठं आहे? हरेगावचा कारखाना कधीचाच बंद पडला. डी.एड.चं काय झालं ते गावोगावच्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलं. कॉलेजं निघाली, भरली, आणि २०१२ साली राज्यात शिक्षकभरतीला ब्रेक लागला. मग टीईटी आली, पुढे अभियोग्यता चाचणी आली, पवित्र पोर्टल आलं. दोन वर्षांची पदविका घेऊन बसलेल्यांची वयं निघून गेली, आणि डी.एड.ची कॉलेजं एकेक करून बंद झाली. थोरल्या भावाची ही गत बघून मोठी झालेली धाकटी मुलं आज वर्गात बसली आहेत. त्यांना काळजी वाटते याचं आश्चर्य नाही. वाटली नसती तर त्यांना काहीच दिसत नाही असं म्हणावं लागलं असतं.

हिशेबच बघायचा तर २०२३च्या तलाठी भरतीचा बघा. जागा ४,६४४. अर्ज दहा लाखांहून अधिक. एका जागेमागे दोनशेहून जास्त उमेदवार. खुल्या वर्गाला फी १,००० रुपये, राखीव वर्गाला ९००. कमीतली फी धरली तरी बेकारांच्या खिशातून ९० कोटींच्या घरात रक्कम गोळा झाली. परीक्षा चालू असताना एक दिवस सर्व्हर बसला आणि केंद्रांबाहेर पोरं ताटकळली. त्याआधी २०२१ साली आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला, म्हाडाचा फुटला, टीईटीच्या निकालातल्या घोटाळ्यात पुणे पोलिसांनी थेट परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक केली. २०२४ साली नीटसाठी सुमारे चोवीस लाख मुलांनी नोंदणी केली. निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण, १,५६३ जणांना आधी वाढीव गुण आणि मग ते रद्द करून फेरपरीक्षेची मुभा, पेपरफुटीची चौकशी थेट आपल्या लातूरपर्यंत. अशा कारभारात परीक्षा देणाऱ्याने निश्चिंत असावं, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

शहाणी माणसं यावर म्हणतात, स्पर्धा तर सगळीकडेच असते. स्पर्धेची भीती वेगळी आणि अनिश्चिततेची वेगळी. २०१६ साली लंडनच्या संशोधकांनी पंचेचाळीस जणांवर एक प्रयोग केला. पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा बारीक झटका. झटका बसणारच हे माहीत असलेल्या क्षणी माणसांवर ताण कमी होता. बसेल किंवा बसणार नाही, दोन्ही शक्यता निम्म्या-निम्म्या असताना तो सर्वांत जास्त होता. प्रयोगशाळेतला हा साप महाराष्ट्रातल्या पोरांनी रस्त्यावर पाहिलाय. राज्यसेवेची ५ एप्रिल २०२०ची पूर्वपरीक्षा करोनामुळे पुढे गेली, पुन्हा पुन्हा गेली, शेवटी १४ मार्च २०२१ ठरली आणि तीन दिवस आधी तीही पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा २१ मार्चची तारीख मिळाली. ऑगस्ट २०२४मध्ये एकाच दिवशी लोकसेवा आयोगाची आणि बँकेची परीक्षा आली, पुन्हा आंदोलन, पुन्हा नवी तारीख. अवघड पेपरला मुलं घाबरतात हे खरं. पण खोलीचं भाडं आणखी किती महिने भरायचं, हेच कळत नसलेला मुलगा पेपरला घाबरत नाही, कॅलेंडरला घाबरतो.

आणि भाडं भरणाऱ्या बापाचं काय? या पट्ट्यातलं घर ऊस, कांदा आणि दूध यांवर चालतं. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४मध्ये उठली. त्याच हिवाळ्यात दुधाचे भाव इतके पडले की सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. दुसऱ्या सत्राची फी नेमकी याच महिन्यांत भरायची असते. पोराच्या डोक्यात फिजिक्सच्या बरोबरीने लासलगावचा कांद्याचा भाव फिरत असेल, तर त्याला अभ्यासात लक्ष नाही म्हणून ओरडू नका. त्याचं लक्ष घरात आहे.

टाकळीभानसारख्या गावाहून कॉलेजला येणारी मुलगी घ्या. बसस्टँडजवळच्या सायबरवाल्याकडे जूनमध्ये अशा मुली रोज दिसतात. प्रवेशाचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस. उत्पन्नाचा दाखला सेतूतून आलाय, नॉन-क्रिमिलेयरची पावती आहे पण दाखला नाही, जात पडताळणी प्रलंबित. साइट गोल फिरतेय. शेवटी ओटीपी गेला तो वडिलांच्या नंबरवर, आणि वडील उसाला पाणी देतायत, फोन बांधावर ठेवलेल्या पिशवीत. ही पोरगी दहा वेळा फोन लावते. मागे रांग आहे, सायबरवाला म्हणतो, ताई, सेशन गेलं, परत पहिल्यापासून. शेवटची बस गाठायचीय. तिच्या छातीत धडधडतं, हाताला घाम सुटतो. आता तिला जाऊन सांगा, की तुझी पिढी नाजूक आहे.

मुलींच्या बाबतीत हा हिशेब आणखी कडक आहे. भावाचं एक वर्ष गेलं तर घरात वर्षभर टोमणे. तिचं एक वर्ष गेलं तर दिवाळीनंतर स्थळं बघायला सुरुवात. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकरांच्या नावाने एसटीचा मोफत पास आहे, व्यावसायिक शिक्षणात मुलींना २०२४पासून फीमाफी आहे. या योजना चांगल्याच आहेत. पण ज्या घरात एक केटी हेच शिक्षण थांबवायला पुरेसं कारण ठरतं, तिथल्या मुलीला प्रत्येक पेपर हा शेवटचा पेपर वाटतो. तिच्यापुरता तो तसा असूही शकतो. तिची भीती अवाजवी म्हणायला जीभ रेटत नाही.

दुसरा आरोप मोबाइलचा. यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. रात्री दोनपर्यंत रील बघणाऱ्याची झोप जाते, आणि झोप गेली की राईचा पर्वत व्हायला वेळ लागत नाही. पण हा मोबाइल विद्यार्थ्याच्या हातात कुणी दिला? शिष्यवृत्ती महाडीबीटीवर, हॉलतिकीट साइटवर, निकाल साइटवर, नोट्स पीडीएफमध्ये, हजेरी अॅपवर. उद्या प्रॅक्टिकल आहे, फाइल सही करून आणा, हा मेसेज वर्गाच्या ग्रुपवर रात्री अकराला पडतो. तो न बघितलेल्याला सकाळी बाहेर उभं करणारे सर दुपारी मोबाइलच्या दुष्परिणामांवर निबंधस्पर्धा घेतात. आधी सूचना संध्याकाळी सहाच्या आत द्या, आणि मग फोन बंद करायला सांगा. क्रम एवढाच पाळायचा आहे.

तिसरं वाक्य जास्त शहाजोग आहे: थोडं टेन्शन हवंच, त्याशिवाय पोरं अभ्यास करत नाहीत. याला विज्ञानाचा आधार आहे असंही काही जण ऐकवतात. तो आधार १९०८ सालचा, यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकन संशोधकांचा. त्यांचा प्रयोग होता उंदरांवर. चुकीच्या वाटेने गेला की उंदराला विजेचा झटका. सौम्य झटक्यापेक्षा मध्यम झटक्याने उंदीर लवकर शिकले, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. त्याच प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही: काम जितकं अवघड, तितका झटका सौम्य लागतो. सोपं काम दटावून होतं, अवघड काम दटावल्याने बिघडतं. म्हणजे लहान वर्गात पाढे पाठ करून घेताना छडी कदाचित चालून गेली असेल, पण बारावीचं इंटिग्रेशन धाकाखाली सुटणार नाही. आणि आपली मुलं उंदीर नाहीत, हा मुद्दा तर अजून मांडायचाच आहे.

चौथी गोष्ट सकारात्मक विचारांची. त्यासाठी हॉल भाड्याने घेतला जातो, वक्ता बाहेरून येतो, दोन तास टाळ्या पडतात. हमखास एखादा यशस्वी अधिकारी असतो. त्याने कष्ट केलेच असणार, त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण दहा लाख उमेदवारांनी एकसाथ सकारात्मक विचार केला तरी जागा ४,६४४च राहतात. उरलेल्यांना आपण काय सांगून ठेवलंय? इच्छा प्रबळ असेल तर यश मिळतंच. म्हणजे ज्याला मिळालं नाही त्याची इच्छाच कच्ची होती. नापास झालेल्या पोराच्या पदरात अपयश तर पडतंच, वर त्याचा दोषही पडतो. हे प्रोत्साहन नसून उधारी आहे, आणि वसुली निकालाच्या दिवशी होते.

काही नाजूक मुलांपुरताच हा प्रश्न आहे असं ज्यांना अजून वाटतं, त्यांच्यासाठी एनसीईआरटीचं २०२२चं सर्वेक्षण आहे. सहावी ते बारावीच्या पावणेचार लाखांहून जास्त विद्यार्थ्यांपैकी ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांची चिंता सांगितली. पाचांतली चार मुलं नाजूक निघाली, तर मोजपट्टी तपासायला हवी. आणि या चिंतेची दुसरी बाजू गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात. आत्महत्येला कधीच एक कारण नसतं, त्यामुळे हा आकडा कुणा एकाच्या माथी मारता येत नाही. पण हा आकडा ऐकल्यावरही ‘टेन्शन घेऊ नको’ एवढंच सुचत असेल, तर बोलण्यापेक्षा गप्प बसणं बरं.

माझ्या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप येईल. काळजी बरोबर आहे म्हणून पोरांनी ती करतच बसायचं का? परिस्थितीकडे बोट दाखवून हातपाय गाळायचे का? अजिबात नाही. काळजी खरी असणं आणि ती दिवसभर डोक्यात घोळवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कशाची तारीख ठरलेली आहे, कशासाठी आज काही करता येतं, ते कागदावर उतरवलं की ओझं निम्मं हलकं होतं. तिसऱ्या युनिटची दोन गणितं आज सुटू शकतात. कांद्याचा भाव आज आपल्याच्याने हलत नाही. अमेरिकेत बोर्कोव्हेक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली सहकाऱ्यांबरोबर एक साधी युक्ती तपासून पाहिली: चिंतेला रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास द्यायचा, आणि एरवी ती आली की तिला त्या वेळेवर ढकलायचं. तसं करणाऱ्यांची चिंता कमी झाली. ‘काळजी करू नको’पेक्षा ‘काळजी सहा वाजता कर’ हा सल्ला जास्त उपयोगी, कारण तो पाळता येतो.

सोशिकपणा हा गुण आहे, हेही मान्य. तो मोठ्यांकडून शिकावा. पण तो शिकवायची रीत अशी, की मीही घाबरलो होतो, तेव्हा मी अमुक केलं. मी कधी घाबरलोच नाही, असं सांगणाऱ्याकडून पोराला शिकण्यासारखं काही मिळत नाही. आणि काही चिंता हिशेबाच्या पलीकडे जातात. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण तुटलं, अंघोळ नको, कॉलेज नको, जगणंच नको वाटू लागलं, तर तो आजार आहे आणि त्याला डॉक्टर लागतो. ताप आला तर आपण अंगाऱ्यावर थांबत नाही. इथंही थांबू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतून बोलते. हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या दारावर लावायला खर्च एका कागदाचा आहे.

खर्चाचं निघालंच आहे, तर आता मोठ्यांच्या वाट्याचं बोलू. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. गुणांवरून तुकड्या पाडणं आणि चारचौघांत पाणउतारा करणं शक्यतो टाळायचं. शाळा, कॉलेजं, कोचिंग क्लास, वसतिगृहं सगळे यात आले. श्रीरामपुरात शंभराहून कमी विद्यार्थी असलेलं कॉलेज शोधावं लागेल. म्हणजे हा विषय आता कुणाच्या दयाबुद्धीवर राहिलेला नाही.

यापलीकडे जे करायचं ते बिनखर्चाचं आहे. सत्राच्या सुरुवातीला परीक्षांच्या तारखा सांगा आणि पाळा. फीचे हप्ते उसाच्या बिलाशी, कांद्याच्या पट्टीशी जुळवून द्या. चाचणीचे गुण वर्गात मोठ्याने वाचू नका. घरच्यांनी ‘किती पडतील?’ हा प्रश्न निकालापर्यंत राखून ठेवावा, आणि पोरीला एकदा स्पष्ट शब्द द्यावा, की केटी लागली तरी तुझं शिक्षण थांबणार नाही. जुन्या काळी कारखान्याने जो आधार दिला, तो आता या छोट्या छोट्या हमींतून उभा करावा लागेल. अपयश पुन्हा परवडायला लागलं, की धीर मुलांच्या अंगात आपोआप दिसू लागेल; तो त्यांच्यात कमी नव्हताच.

पालकसभेत दरवेळी आपण विचारतो, माझा मुलगा कशात कच्चा आहे? पुढच्या सभेत उभं राहून दुसरं विचारायचं: इथं आमच्या मुलांसाठी समुपदेशक कोण, आणि ते आठवड्यातून कोणत्या वारी बसतात? वार सांगता आला नाही, तर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच विचारायचं.